वर्गणी थकली, सभा अडली: सोलापुरातल्या एका पाणी संघटनेचे प्रकरण

ऑगस्टमधल्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या हजेरी वहीत ७१ सह्या होत्या. अध्यक्षांनी गणपूर्ती, म्हणजे नियमाप्रमाणे लागणारी किमान हजेरी, झाल्याचे जाहीर केले, इतिवृत्तात तसे लिहिले गेले आणि सचिवपदाची निवडणूक ३८ विरुद्ध ३३ मतांनी झाली. पुढे वर्षभर संघटनेची शक्ती या एका सभेचा गुंता सोडवण्यात गेली. भांडण सचिवपदाचे दिसत होते. मूळ दुखणे १२० रुपयांच्या वार्षिक वर्गणीत होते.

आधी एक खुलासा. हे प्रकरण कोणा एका संघटनेचे नाही. अशा संस्थांच्या कारभारात ज्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात, त्या एकत्र बांधून ते अभ्यासासाठी रचले आहे. सभासदसंख्या आणि रकमा उदाहरणादाखल धरल्या आहेत. कायद्याची कलमे, मुदती आणि सरकारी शुल्के मात्र खरी आहेत.

संघटना शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करते. उजनी धरणापासून शंभराहून अधिक किलोमीटरची जलवाहिनी, भीमेत सोडलेल्या पाण्यावर भरणारा टाकळीचा बंधारा, हिप्परग्याचा तलाव, आणि एवढे असूनही काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी. कुठल्या भागाला कोणत्या दिवशी, किती वेळ आणि किती दाबाने पाणी आले याच्या नोंदी ठेवायच्या, माहिती अधिकाराचे अर्ज करायचे, निवेदने द्यायची, गळतीच्या तक्रारींचा पाठपुरावा करायचा, हे तिचे काम. पगारी माणूस एकही नाही. नोंदणी दोन कायद्यांखाली आहे: संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. आपल्याकडच्या बहुतेक नोंदणीकृत संस्थांची अशीच दुहेरी नोंदणी असते. त्यामुळे नियमांची दोन पुस्तके एकाच वेळी लागू होतात, हे कार्यकारिणीवर नव्याने आलेल्यांना सहसा कोणी सांगत नाही.

यादीत ३१२ सभासद: ४६ आजीव आणि २६६ वार्षिक. वर्गणीचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. आजीव शुल्क १,००१ रुपये.

तीन बेरजा, बरोबर एकच

१८६० च्या अधिनियमाचे कलम १५ सांगते की ज्याची वर्गणी त्या वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलेली आहे, त्याला मत देता येत नाही आणि त्याला सभासद म्हणून मोजताही येत नाही. यातला दुसरा भाग फार कमी जणांच्या लक्षात असतो. थकबाकीदाराचे मत तर जातेच. गणपूर्ती काढताना तो भाजकातही येत नाही आणि भाज्यातही नाही.

वर्गणी १ एप्रिलला देय असेल तर ३० जूनला तीन महिने पुरे होतात. १ जुलैपासून न भरणारा मोजणीतून बाहेर. लेखापरीक्षण अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करायचा असतो, म्हणून हिशेब मंजूर करण्याची वार्षिक सभा बहुतेक संस्था जुलै ते सप्टेंबर या काळात घेतात. म्हणजे ज्या सभेत निवडणूक होते, ती सभा नेमकी थकबाकीदार बाद झाल्यानंतर भरते. कॅलेंडरातली ही अडचण आधीच ओळखली नाही तर दरवर्षी तोच घोळ होणार.

या संघटनेत ३० जूनपर्यंत २६६ पैकी ८८ जणांनीच वर्गणी भरली होती. आजीव ४६ धरून मोजण्याजोगे सभासद १३४. नियमावलीत गणपूर्ती एक तृतीयांश. सभेला आलेल्या ७१ मध्ये वर्गणी भरलेले २९ आणि आजीव १४, म्हणजे पात्र ४३. उरलेले २८ थकबाकीदार.

पूर्ण यादी धरली तर ३१२ चा तिसरा हिस्सा १०४. ७१ अपुरे. पात्र यादी धरली तर १३४ चा तिसरा हिस्सा ४५. ४३ अपुरे, दोनच माणसे कमी. मग गणपूर्ती झाली कशी? वर ७१ धरले आणि खाली १३४. थकबाकीदारांना गणपूर्तीच्या आकड्यातून वगळले आणि हजेरीत मात्र मोजले. जाणूनबुजून कोणी केले नाही. सही करणाऱ्याची पावती पाहायची असते हेच दारात बसलेल्या कार्यकर्त्याला सांगितलेले नव्हते.

सगळ्यात वाईट वाटते ते पुढचे. नियमावलीतच सोय होती: ठरल्या वेळी गणपूर्ती न झाल्यास सभा अर्धा तास तहकूब करावी, आणि मग त्याच जागी, त्याच विषयांवर होणाऱ्या सभेला गणपूर्तीची अट नाही. अर्धा तास थांबून आणि इतिवृत्तात दोन वेळा लिहून सभा सहज वाचली असती. २८ अपात्रांच्या मतांचा प्रश्न मात्र तरीही उरला असता, कारण फरक पाचच मतांचा होता.

चेंज रिपोर्ट अडला की काय काय अडते

कार्यकारिणी बदलली की १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे बदल घडल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला फेरफार अहवाल द्यावा लागतो. बोलताना सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. तो मुदतीत दिला गेला. पराभूत गटाने कलम १५ दाखवून हरकत घेतली, आणि हरकत बिनबुडाची नव्हती. प्रकरण सुनावणीवर गेले.

इकडे बँकेने खात्यावरच्या सह्या बदलायला चेंज रिपोर्टचा आदेश मागितला. जुने खजिनदार मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले. दोन सह्यांशिवाय चेक निघत नाही. खोलीचे भाडे तटले, सीएची फी तटली. निवेदन द्यायला जावे तर "तुमचे सभासद किती?" हा साधा प्रश्न यायचा आणि ३१२ म्हणताना बोलणाऱ्याची जीभ अडखळायची. पाठपुरावा करणाऱ्या संघटनेपाशी सभासदांच्या संख्येखेरीज दुसरे वजन नसते. तो आकडा पावतीने सिद्ध होत नसेल तर निवेदनावरचा शिक्का नुसता शाईचा.

हिशेब जुळत होता, म्हणून दुखणे दिसले नाही

वर्षाचा ठरलेला खर्च असा: भवानी पेठेतल्या एका खोलीचे भाडे दरमहा १,५०० प्रमाणे १८,०००, वीजबिल ३,६००, सीएची फी ६,०००, माहिती अधिकार आणि टपाल ४,८००, झेरॉक्स, पावती पुस्तके, कागद ५,४००, फोन २,४००, पुणे-कोल्हापूर प्रवास ६,०००, सभांचा मांडव, चहा वगैरे ३,४००. एकूण ४९,६०० रुपये.

माहिती अधिकाराच्या आकड्याची फोड करून दाखवतो, कारण अंदाजपत्रकात हे कलम नेहमी ढोबळ टाकलेले असते. २४ अर्ज, प्रत्येकी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प: २४०. मिळालेली सुमारे १,५०० पाने, पानाला २ रुपये: ३,०००. पहिली आणि दुसरी मिळून १२ अपिले, प्रत्येकी २० रुपये: २४०. टपाल १,३२०. आणखी एक बारकावा: माहितीचा अधिकार नागरिकाला आहे, म्हणून अर्ज संघटनेच्या लेटरहेडवर न करता सभासदाच्या स्वतःच्या नावाने करावा लागतो. स्टॅम्प त्याच्या खिशातून जातो. त्याच्याकडून व्हाउचर आणि अर्जाची पोच घेऊन पैसे परत दिले नाहीत तर तो खर्च वहीत दिसत नाही, आणि दोन-तीन कार्यकर्ते वर्षानुवर्षे पदरमोड करत राहतात. ते थकले की अर्जही थांबतात. प्रवासखर्चात मुंबईऐवजी कोल्हापूर आले त्याचे कारण उच्च न्यायालयाचे तिथले फिरते खंडपीठ (सर्किट बेंच): १८ ऑगस्ट २०२५ पासून ते सुरू झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे.

आता जमेची बाजू. ८८ जणांचे १२० प्रमाणे १०,५६०. उरलेली रक्कम एकाच देणगीदाराच्या ४०,००० च्या चेकमधून. बेरीज ५०,५६०. खर्च भागून वर ९६० शिल्लक! सीएच्या अहवालात तूट नाही, कार्यकारिणीत चिंता नाही. वर्गणी भरणारे दोनशेवरून ८८ वर आले तरी ताळेबंदाने एकदाही खूण दिली नाही.

हे देणगीदार पाण्याच्या टँकरच्या धंद्यातले. त्यांनी कधी काही मागितले नाही, कधी फोन केला नाही. तरी 'खासगी टँकरचे दर' हा विषय लागोपाठ तीन मासिक सभांच्या विषयपत्रिकेवर आला आणि तिन्ही वेळा 'वेळेअभावी' पुढे गेला. कोणी रोखले नव्हते. लोक आपले आपणच मागे सरले. एका हाताने पाच भागांतले चार भाग दिले की असे होतेच, आणि त्यात त्या दात्याचा दोष काढणे बरोबर नाही. चुकी घडवणारी मांडणी आपण केली होती. ठरलेला खर्च वर्गणीतून आणि मोहिमेचा खर्च देणगीतून, ही विभागणी पाळली असती तर तो चेक फलक, पत्रके किंवा पाण्याच्या नमुन्यांच्या तपासणीसाठी वापरला गेला असता आणि खोलीचे भाडे त्यावर टेकले नसते. पुढे ठराव झाला तो असा: ठरलेल्या खर्चाच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम एका दात्याकडून नाही, आणि ५,००० वरच्या प्रत्येक देणगीदाराचे नाव वार्षिक अहवालात छापायचे.

आजीव सभासदत्वाचे गणितही तपासावे. ४६ जणांचे ४६,०४६ रुपये आले ते पहिल्याच वर्षी कपाट, खुर्च्या आणि उद्घाटनात संपले. एका सभासदामागे वर्षाचा खर्च ४९,६०० भागिले ३१२, म्हणजे १५९ रुपये. १,००१ रुपये ७ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला ७० रुपये मिळाले असते. निम्मेही नाही. व्याजातून १५९ भागवायचे तर शुल्क किमान २,३०० हवे होते, तेही मुद्दल हात न लावता ठेवून. हे पैसे पतपेढीत जास्त व्याज मिळते म्हणून तिथे टाकू नयेत. न्यासाचा पैसा कुठे ठेवायचा हे १९५० च्या अधिनियमाचे कलम ३५ ठरवते, आणि शेड्युल्ड बँक किंवा पोस्ट हा सरळ मार्ग आहे.

लोक का भरत नव्हते

"सोलापूरचा माणूस वर्गणीला कंटाळलाय," हे कार्यकारिणीचे ठरलेले उत्तर. गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या, जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. दारात पावती पुस्तक घेऊन कोणी ना कोणी उभाच. कंटाळा खरा आहे, पण १७८ थकबाकीदारांच्या घरी माणसे पाठवली तेव्हा उत्तरांचा सगळ्यात मोठा ढीग वेगळाच निघाला: मागायलाच कोणी आले नाही. मंडळाचे पोरगे दारात तरी येते.

दुसरा ढीग त्याहून अवघड होता. "भरली की! पावती दिली नाही तुम्ही." खजिनदारांनी सोयीसाठी स्वतःच्या फोनचा क्यूआर सगळ्यांना पाठवला होता. पैसे त्यांच्या घरखर्चाच्या खात्यात आले, दूध-किराण्याच्या नोंदींत मिसळले. सभासद आई, पैसे पाठवणारा मुलगा. खात्यावर नाव मुलाचे, आणि ते यादीत नाही. असे सभासद थकबाकीदार ठरवले तर अन्याय, आणि न ठरवले तर पुरावा काय? यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक सभासदाच्या फोनमध्ये सापडतो, तो उतरवून घ्यायचा आणि खजिनदारांच्या बँक विवरणाशी ताडायचा. जुळलेल्या रकमांची यादी करून एकत्रित रक्कम त्यांच्याकडून चेकने संस्थेच्या खात्यात घ्यायची आणि यादी व्हाउचरला जोडायची. रोख तोंडावर टाकून मिटवू नये. त्याने संशय वाढतो आणि खजिनदाराच्या प्रामाणिकपणाचा पुरावाही नाहीसा होतो.

दोन सह्यांच्या खात्यावर फोनमधले साधे यूपीआय ॲप सहसा चालत नाही, म्हणून लोक खजिनदाराच्या नंबरकडे वळतात. बँकेकडे अर्ज करून संस्थेच्या नावाचा, फक्त पैसे स्वीकारणारा क्यूआर मागावा. १८६० च्या अधिनियमाखाली नोंदलेल्या संस्थेला बचत खातेही चालते. पैसे पाठवताना टिपेत सभासद क्रमांक लिहायला सांगावे.

तिसऱ्या ढिगात गाव सोडून गेलेले आणि वारलेले. चौथ्यात "उपयोग काय?" विचारणारे. परवडत नाही म्हणणारे थोडे, आणि ते बहुतेक विडी कामगार बाया. कामगार संघटनेची वर्गणी सोलापूरला नवी नाही. दत्त नगर, नीलम नगर, विडी घरकुल भागात कितीतरी घरांत ती भरली जाते. ट्रेड युनियन अधिनियमात २००१ साली दुरुस्ती झाली तेव्हा किमान वर्गणी ग्रामीण कामगाराला वर्षाला १ रुपया, इतर असंघटित कामगाराला ३ रुपये आणि बाकीच्यांना १२ रुपये ठेवली होती. रक्कम लहान असली तरी सभासदत्व खोटे ठरत नाही, हा त्यातला शहाणपणा पाणी संघटनेने उचलायला हवा होता.

दर ठरवण्याची रीत

४९,६०० ला २६६ ने भागले तर १८६ येतात आणि मोह होतो की १९० ठेवावेत. सगळे भरतील असे धरून दर काढणे ही ठरलेली चूक. साठ टक्के भरतील असे धरले तर १६० जणांवर ३१० रुपये पडतात. हा दर विडीच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला जड आणि विजापूर रोडवरच्या निवृत्त माणसाला किरकोळ. म्हणून तीन दर: श्रमिक ६०, सर्वसाधारण २४०, आधार १,०००. कोणत्या दरात बसायचे ते सभासदाने सांगायचे, पुरावा मागायचा नाही. मत प्रत्येकाला एकच. ७० श्रमिक, ११० सर्वसाधारण, २० आधार असे धरले तर ४,२०० अधिक २६,४०० अधिक २०,००० मिळून ५०,६००.

दरबदलाला सर्वसाधारण सभा लागते आणि सभाच वादात. मार्ग असा निघाला: जुन्या कार्यकारिणीने जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, गड्ड्याची गर्दी ओसरल्यावर, विशेष सभा बोलावली. विषय दोनच: यादीची पडताळणी आणि नवे दर. निवडणूक नाही. वेळेवर गणपूर्ती झाली नाही, सभा तहकूब झाली, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी इतिवृत्तात "सकाळी १०.०० वाजता पात्र उपस्थिती इतकी, १०.३० वाजता तहकूब सभा सुरू" असे स्वच्छ लिहिले. जुनी थकबाकी ठरावाने माफ केली. तीन-तीन वर्षांचे पैसे मागितले असते तर परतणाऱ्याने दारातूनच पाय मागे घेतला असता.

आणखी एक नियम पुढे दुरुस्तीसाठी आला: निवडणुकीच्या सभेला मत द्यायचे तर वर्गणी सभेच्या ३० दिवस आधी भरलेली हवी. याची गरज ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल. सभेच्या आदल्या रात्री एक उमेदवार चाळीस जणांची थकबाकी एकरकमी भरतो आणि सकाळी चाळीस मते आणतो. नियमावलीत तारीख नसेल तर ते थांबवणे कठीण. दुरुस्ती नियमावलीतल्याच पद्धतीने मंजूर करून दाखल करावी लागते. नुसता कार्यकारिणीचा ठराव पुरत नाही.

पावती पुस्तक हातात घेऊन

दारोदारची वर्गणी फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ते ३१ मार्च या काळात. जानेवारी गड्ड्यात जातो, एप्रिलमध्ये जयंत्या, जूनमध्ये शाळेचे पैसे, ऑगस्टपासून गणपती. मोकळी फट एवढीच आहे.

दोघांची एक जोडी, तिच्याकडे जास्तीत जास्त २५ घरे, एकूण ११ जोड्या. पूर्व भागात जोडीतल्या एकाला तेलुगू यायलाच हवे, बाळीवेशीकडे कन्नड. पेन्शनरांकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, यंत्रमाग कामगारांकडे आठवड्याच्या पगाराच्या संध्याकाळी. आणि पाण्याच्या दिवशी कोणाच्याही दारात जायचे नाही. नळ आला की घरातली बाई मोटार, पाइप, बॅरल आणि हंडे यांच्यात अडकलेली असते. तिला थांबवून पावती फाडणे हे पाण्यावर काम करणाऱ्या संघटनेला शोभत नाही. दुसऱ्या दिवशी जावे. भांडी भरलेली असतात, माणसे निवांत असतात, आणि काल किती वेळ आले, किती दाबाने आले, हे त्याच भेटीत वहीत टिपता येते. "अक्का, मागच्या साली कोण आलं होतं? पावती हाय का?" असे विचारले की रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीतून घडी घातलेली चिठ्ठी निघते. तिचा क्रमांक नव्या स्थळप्रतीवर, म्हणजे पुस्तकात राहणाऱ्या प्रतीवर, लिहून घ्यावा. जुन्या वादांतले निम्मे तिथेच मिटतात.

पुस्तक ५० पावत्यांचे, दुप्रती, छापील अनुक्रमांकाचे. पावतीवर संस्थेचा नोंदणी क्रमांक, सभासद क्रमांक, नाव, कोणत्या वर्षाची वर्गणी, रक्कम अंकी आणि अक्षरी, रोख की यूपीआय, आणि सही. 'वर्गणी', 'प्रवेश शुल्क', 'देणगी' असे तीन वेगळे रकाने हवेत. इथे एक चूक वारंवार दिसते: सगळ्याच पावत्यांवर आयकर सवलतीचा शिक्का मारतात. मताचा हक्क देणारी वर्गणी ही देणगी नव्हे. सवलत देणगीला असते, तीही संस्थेला मान्यता असेल तर, आणि २,००० वरच्या रोख देणगीला नाही. दुसरी चूक मार्चची. पुढच्या वर्षाची वर्गणी मार्चमध्ये आली तर ती या वर्षाच्या उत्पन्नात धरू नये. 'आगाऊ वर्गणी' म्हणून देण्याच्या बाजूला दाखवावी. नाहीतर यंदा फुगवटा आणि पुढच्या वर्षी खड्डा दिसतो.

चुकलेली पावती फाडून फेकायची नाही. दोन्ही प्रतींवर 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवायची. कार्बन उलटा लागला की स्थळप्रत कोरी राहते आणि मागच्या बाजूला उलटी अक्षरे उमटतात. तीही तशीच ठेवून खजिनदाराने शेजारी सही करावी. जमलेल्या रोखीतून चहा, रिक्षा, झेरॉक्स असा परस्पर खर्च करू नये. जमा पूर्ण बँकेत, आठवड्यातून एकदा, भरणा चिठ्ठीवर पावत्यांचे 'पासून-पर्यंत' क्रमांक लिहून. खर्च वेगळ्या व्हाउचरने. थकबाकीदारांची नावे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नयेत. सभेच्या नोटिशीसोबत फक्त पात्र मतदारांची यादी लावावी आणि हरकतीला १५ दिवस द्यावेत. ज्याचे नाव नाही तो स्वतः चौकशीला येतो, लाज न वाटता.

पहिल्या वर्षाचा निकाल

वारलेले आणि गाव सोडलेले यांची नावे ठरावाने कमी झाली: वार्षिक २६६ वरून २४४, आजीव ४६ वरून ४३. वर्गणी भरली १७४ जणांनी: श्रमिक ६४, सर्वसाधारण ९७, आधार १३. जमा ३,८४० अधिक २३,२८० अधिक १३,०००, म्हणजे ४०,१२०. लक्ष्यापेक्षा कमी, आणि ठरलेल्या खर्चाला ९,४८० अपुरे. ती तूट देणगीने न भरता खोली सोडली; कपाट एका सभासदाच्या दुकानाच्या माळ्यावर गेले, मासिक सभा वाचनालयात होऊ लागली. खोली गेल्याचे दुःख जुन्या कार्यकर्त्यांना फार झाले, आणि ते समजण्यासारखे आहे. तरी निर्णय बरोबर होता.

दोन्ही गटांनी लेखी दिले, आधीचा चेंज रिपोर्ट मागे घेण्याचा अर्ज झाला आणि जुलैमध्ये नव्याने निवडणूक झाली. पात्र २१७, तिसरा हिस्सा ७३, पावती पाहून आत सोडलेले ९६. नवा चेंज रिपोर्ट ९० दिवसांच्या आत गेला. 'खासगी टँकरचे दर' विषयपत्रिकेवर पुन्हा आला आणि या वेळी त्यावर चर्चा झाली.

एक गोष्ट राहिली आहे. ११ पुस्तकांपैकी ७ क्रमांकाचे परत आलेले नाही. वापरलेल्या ३९ पावत्यांचे पैसे भरणा चिठ्ठ्यांवरून जुळतात, पण शेवटच्या ११ पावत्या कोऱ्या आणि बेपत्ता. कार्यकर्त्याकडून लेखी खुलासा घ्यायचा, पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद करायची, ते ११ क्रमांक रद्द केल्याचा ठराव करून त्या भागातल्या सभासदांना कळवायचे, आणि ठरावाची प्रत सीएला लेखापरीक्षणाआधी द्यायची.